वॉरंटी संपली, घड्याळ बंद पडलं… आणि गिऱ्हाईकही गेलं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण विक्रीनंतरच्या सेवेबद्दल बोललो. त्यातल्या एका मुद्द्याला वेळ कमी पडला, तो आज इथं सविस्तर घेऊ. मुद्दा साधा आहे. वॉरंटीची मुदत संपली आणि त्यानंतर वस्तू बंद पडली, तर विकणाऱ्याची जबाबदारी संपते का?

कागदावर बहुतेक वेळा संपते. गिऱ्हाईकाच्या मनात मात्र संपत नाही. तुमचा पुढचा माल तो घेणार की नाही, हे कागद ठरवत नाही, त्याचं मन ठरवतं. म्हणून वॉरंटी संपल्यानंतरचे सहा-आठ महिने छोट्या उद्योजकानं फार जपायला हवेत. आणि नेमकं तिथंच बहुतेकांचं धोरणच नसतं!

उदाहरणासाठी स्मार्टवॉच घेऊया. तुम्ही घड्याळं विकत नसाल तरी चालेल. मिक्सर, एलईडी दिवे, चार्जर, सोलर कंदील, शिलाई मशीन, काहीही विकत असाल तरी हिशोब हाच आहे.

घड्याळ की गॅजेट?

आपल्याकडे घड्याळ या वस्तूला एक इतिहास आहे. दहावी पास झाल्यावर वडिलांनी घेऊन दिलेलं घड्याळ, लग्नात जावयाला दिलेलं घड्याळ. एचएमटीचं उदाहरण घ्या. या सरकारी कंपनीनं १९६१ मध्ये बंगळुरूत जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं घड्याळं बनवायला सुरुवात केली. २०१६ मध्ये तिचा घड्याळांचा व्यवसाय बंद झाला. पण एचएमटीची 'जनता' किंवा 'पायलट' आजही कुणाच्या तरी मनगटावर दिसते. बंद पडली तर कोपऱ्यावरचे घड्याळ दुरुस्तीवाले काका डोळ्याला भिंग लावतात, साफसफाई करतात, तेल देतात आणि ती पुन्हा टिकटिक करू लागते.

आता हेच गिऱ्हाईक २,००० रुपयांचं स्मार्टवॉच घेतं. कंपनीच्या दृष्टीनं ते एक गॅजेट आहे, एक-दोन वर्षांत बदलायचं. गिऱ्हाईकाच्या डोक्यात मात्र ते घड्याळच आहे. 'वर्षात बंद पडलं' हे वाक्य त्याला पचत नाही. बिलावर १२ महिने लिहिलेले असतात, त्याच्या मनात निदान तीन-चार वर्षं असतात. या दोन आकड्यांच्या मधल्या पोकळीत विश्वास तुटतो.

त्यात घड्याळ ही मनगटावर दिसणारी वस्तू. मनगट रिकामं दिसलं की ऑफिसमध्ये कुणीतरी विचारतंच, "काय रे, घड्याळ कुठं गेलं?" मग तो सगळी कथा सांगतो. कंपनीचं नाव सांगतो, आणि तुमच्या दुकानाचंही सांगतो!

नेमकं तेराव्या महिन्यातच का बिघडतं?

"वॉरंटी संपल्या संपल्या बंद पडलं, यांनी मुद्दामच असं बनवलंय," असं लोक म्हणतात. प्रत्येक वेळी तो डाव नसतो. त्यामागं थोडं विज्ञान आहे आणि ते विकणाऱ्याला माहीत असायलाच हवं.

कुठल्याही यंत्राच्या आयुष्याचे साधारण तीन टप्पे असतात. सुरुवातीला बनावटीतले दोष बाहेर येतात. मधला काळ शांत जातो. शेवटी झीज सुरू होते. इंजिनियर मंडळी या आलेखाला 'बाथटब कर्व्ह' म्हणतात, कारण तो दोन्ही टोकांना वर आणि मध्ये सपाट असतो. वॉरंटी पहिल्या टप्प्यासाठी असते. तिसरा टप्पा सुरू होतो तोपर्यंत ती संपलेली असते.

स्मार्टवॉचमध्ये हा तिसरा टप्पा लवकर येतो. कारणं बघा.

पहिलं कारण बॅटरी. लिथियम बॅटरी प्रत्येक पूर्ण चार्जिंगबरोबर थोडी थोडी म्हातारी होते. साध्या बॅटऱ्यांची क्षमता काही शे फेऱ्यांनंतर लक्षात येण्याइतकी घटते. घड्याळ रोज चार्ज करावं लागत असेल तर वर्षाला ३६५ फेऱ्या होतात. दीड वर्षात साडेपाचशेच्या आसपास. घड्याळातली बॅटरी मुळात लहान, त्यामुळे थोडी घट झाली तरी दुपारीच स्क्रीन काळी पडते.

दुसरं कारण पाणी आणि घाम. पाणी आत जाऊ नये म्हणून घड्याळ रबरी पट्टी आणि गोंदानं बंद केलेलं असतं. साबण, गरम पाणी, घाम आणि वेळ यांनी ते सील सैल होतं. चार्जिंगच्या पिनांवर घामाचे क्षार साचतात आणि त्या गंजतात. ज्या गोंदामुळे पाणी आत जात नाही, त्याच गोंदामुळे कोपऱ्यावरच्या काकांना ते घड्याळ सहज उघडताही येत नाही.

तिसरं कारण ॲप. घड्याळ धडधाकट असतं, पण कंपनी ॲप अपडेट करणं थांबवते. गिऱ्हाईक नवा फोन घेतं, आणि जुनं घड्याळ त्याला जोडलंच जात नाही.

म्हणजे मुदतीनंतर काही घड्याळं परत येणार हे नक्की आहे. प्रश्न फक्त एवढाच, की ती आल्यावर तुम्ही काय करणार?

तीन कंपन्या, तीन उत्तरं

या प्रश्नाला मोठ्या कंपन्यांनी दिलेली उत्तरं बघू. त्यांचा पैसा आपल्याकडे नाही, पण त्यांच्या निर्णयातून शिकायला कुणाची फी लागत नाही.

पहिली गोष्ट, ॲपलची. वॉच सिरीज २ च्या काही घड्याळांची बॅटरी फुगत होती, काही सुरूच होत नव्हती. ॲपलची वॉरंटी एक वर्षाची. २०१८ मध्ये कंपनीनं ठरवलं, की ४२ मिलिमीटरच्या मॉडेलमध्ये हा दोष असेल तर खरेदीपासून तीन वर्षांपर्यंत दुरुस्ती मोफत. २०१९ मध्ये सिरीज २ आणि ३ च्या काही ॲल्युमिनियम घड्याळांच्या काचेला कडेनं तडे जात होते, त्यासाठीही मोफत काच बदलण्याची योजना आणली. इथं एक बारकावा आहे. कंपनीनं सरसकट वॉरंटी वाढवली नाही. 'हा दोष, हे मॉडेल, एवढी मुदत' असं नेमकं सांगितलं. खर्च आटोक्यात राहिला आणि गिऱ्हाईकाला संदेश गेला, की चूक आमची असेल तर आम्ही तारीख बघत नाही.

दुसरी गोष्ट, फिटबिटची. या कंपनीचं आयोनिक हे घड्याळ २०१७ मध्ये आलं, २०२० मध्ये उत्पादन थांबलं. बॅटरी तापून लोकांना भाजल्याच्या तक्रारी आल्या. मार्च २०२२ मध्ये घड्याळ बाजारातून परत मागवलं, तेव्हा अमेरिकेत बॅटरी तापल्याच्या ११५ आणि भाजल्याच्या ७८ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. घड्याळं होती जगभरात मिळून सुमारे १७ लाख. कंपनीनं ग्राहकांना २९९ डॉलर परत द्यायचं ठरवलं. वॉरंटी उरली की संपली, हा प्रश्नच नव्हता. पण गोष्ट तिथं संपली नाही. धोक्याची माहिती सरकारला वेळेत कळवली नाही म्हणून जानेवारी २०२५ मध्ये कंपनीनं १ कोटी २२ लाख ५० हजार डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं. पैसे परत देऊनसुद्धा उशिराची किंमत वेगळी मोजावी लागली.

तिसरी गोष्ट, पेबलची. आपल्यासारख्यांना सर्वात जवळची हीच. एरिक मिगिकोव्हस्की या तरुणाच्या छोट्या कंपनीनं २०१२ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून १ लाख डॉलर मागितले आणि मिळाले १ कोटीहून जास्त. लोकांनी घड्याळ तयार होण्याआधी पैसे दिले, यापेक्षा मोठा विश्वास कुठला? पण कंपनीला पुढं पैशांचं गणित जमलं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये ती बंद झाली आणि तिचं सॉफ्टवेअर व काही माणसं फिटबिटकडे गेली. त्या दिवसापासून वॉरंटीची सेवाही थांबली. ज्यांची मुदत शिल्लक होती त्यांचीसुद्धा! म्हणजे वॉरंटीच्या कागदाची किंमत तो कागद देणारा टिकून असेपर्यंतच असते.

पण पेबलचं पुढं काय झालं ते बघा. वापरणाऱ्यांनी स्वतःच 'रेबल' नावाचा गट उभा केला. २०१८ मध्ये मूळ सर्व्हर बंद झाले, तेव्हा या गटानं आपले सर्व्हर चालवून घड्याळं जिवंत ठेवली. जानेवारी २०२५ मध्ये गूगलनं पेबलचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं आणि त्याच वर्षी मिगिकोव्हस्की यांनी पुन्हा नवी घड्याळं जाहीर केली. आठ वर्षांनंतर विचारणारं गिऱ्हाईक शिल्लक होतं! कंपनी गेली, पण वस्तू चांगली होती आणि ती चालू ठेवायचा रस्ता लोकांना सापडला, म्हणून नाव उरलं.

आपल्या बाजारात काय दिसतं?

भारतात दोन-तीन वर्षं स्वस्त स्मार्टवॉचचा पूर आला होता. हजार-दीड हजारात घड्याळ, दर महिन्याला नवं मॉडेल. आयडीसी या बाजार अभ्यासणाऱ्या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात ५ कोटींहून जास्त स्मार्टवॉच बाजारात आली होती. २०२४ मध्ये तो आकडा साडेतीन कोटींच्या आसपास घसरला, म्हणजे साधारण एक तृतीयांश धंदा एका वर्षात कमी. कारणं बरीच आहेत. नव्या मॉडेलमध्ये नवं काही नव्हतं, बाजार भरला होता. पण पहिलं घड्याळ घेऊन पस्तावलेला माणूस दुसरं घ्यायला येत नाही, हे समजायला आकडेवारी लागत नाही. पहिली विक्री किमतीवर होते, दुसरी अनुभवावर.

कायद्याचा एक कोपरा, जो बऱ्याच जणांना माहीत नसतो

तुमच्यापैकी काही जण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून घाऊक माल आणतात, वर आपला लोगो छापतात आणि आपल्या ब्रँडनं विकतात. कल्पना चांगली आहे. पण लक्षात ठेवा, जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, दुसऱ्यानं बनवलेल्या मालावर जो आपलं चिन्ह लावतो तोही 'उत्पादक' ठरतो. बॅटरीनं कुणाला भाजलं किंवा गादीनं पेट घेतला, तर 'माल बाहेरून आला होता' म्हणून हात झटकता येत नाहीत.

दुसरं म्हणजे, कंपनीच्या वॉरंटीशिवाय तुम्ही स्वतः काही हमी दिली असेल आणि वस्तू त्याप्रमाणे निघाली नाही, तर त्यातून झालेल्या नुकसानीला विक्रेता म्हणून तुम्हीही जबाबदार धरले जाऊ शकता. विक्रीच्या जोशात "बिनधास्त घेऊन पोहा दादा, काही होत नाही" असं बोलताना हे आठवा.

तिसरं, वॉरंटी संपली म्हणजे तक्रारीचा दरवाजा आपोआप बंद होतो असं नाही. बनावटीतच दोष होता असं गिऱ्हाईकानं दाखवून दिलं, तर ग्राहक आयोग त्याचं म्हणणं ऐकू शकतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आता बऱ्याच लोकांना माहीत आहे. घाबरू नका, पण गाफीलही राहू नका.

चला, गणित मांडू

"सर, एवढं सगळं द्यायला आम्ही काय ॲपल आहोत का?" बरोबर आहे, नाही आहोत. म्हणूनच आधी गणित. खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुम्ही तुमचे भरा.

समजा, तुम्ही वर्षाला ५०० घड्याळं विकता. विक्री २,००० रुपये, खरेदी १,५०० रुपये, बाकी खर्च जाऊन एका घड्याळामागं ३५० रुपये हातात राहतात. वॉरंटी १२ महिने. समजा, तेरावा ते अठरावा महिना या काळात शंभरातली सहा घड्याळं बंद पडून परत येतात. म्हणजे ३० घड्याळं.

सगळी फुकट बदलून दिली तर खर्च ४५,००० रुपये. जड आहे. पण तुम्ही असं ठरवलं, की १,५०० च्या खरेदीतले निम्मे गिऱ्हाईकानं द्यायचे, निम्मे आपण. त्याला ७५० रुपयांत नवं घड्याळ मिळालं, तुमचा खर्च झाला २२,५००. हा खर्च ५०० घड्याळांवर वाटला तर एका घड्याळामागं ४५ रुपये. बस्स! विक्रीच्या दिवशीच प्रत्येक घड्याळामागं ४५ रुपये वेगळ्या खात्यात टाकले, तर ३० गिऱ्हाईकांना 'नाही' म्हणावं लागत नाही.

आता उलट बाजू. २२,५०० रुपये कमवायला ३५० च्या हिशोबानं ६५ घड्याळं विकावी लागतात. म्हणजे नाराज होऊन गेलेल्या ३० जणांपैकी प्रत्येकामुळे दोनाहून थोड्या जास्त विक्री बुडाल्या, की वाचवलेला पैसा गेलाच. त्याची स्वतःची पुढची खरेदी एक, आणि मेहुण्याला "तिथं जाऊ नको" म्हणाला ती दुसरी. आपल्याकडे एवढं व्हायला एक रविवारसुद्धा पुरतो.

मग करायचं काय?

१. मुदतीनंतरचं धोरण बिलावरच छापा. उदाहरणार्थ: १२ महिने पूर्ण वॉरंटी. १३ ते १८ महिने, निम्म्या खर्चात बदलून. १९ ते २४ महिने, तपासणी मोफत, पार्टचा खर्च तुमचा. त्यानंतर जुनं द्या, नव्यावर ठरलेली सूट घ्या. चार ओळी पुरतात. गिऱ्हाईक घेतानाच वाचतं आणि त्याच्या मनातला आकडा बिलावरच्या आकड्याजवळ येतो.

२. काउंटरवरचं पहिलं वाक्य बदला. "दादा, वॉरंटी संपली, आता काही होणार नाही" हे वाक्य दुकानातून हद्दपार करा. त्याऐवजी, "द्या बघू ताई, नक्की काय होतंय? चार्जच होत नाही की लवकर उतरतंय?" आधी वस्तू हातात घ्या, पिना कोरड्या ब्रशनं साफ करून बघा, दुसरा चार्जर लावून बघा. कित्येकदा तेवढ्यावरच काम होतं. तारीख नंतर बघा. उत्तर शेवटी 'नाही' असलं तरी, ऐकून घेतल्यावरचा नकार माणूस पचवतो.

३. बिघाडाची वही ठेवा. विक्रीची तारीख, बिघडल्याची तारीख, मॉडेल, बॅच आणि काय बिघडलं, एवढे पाच रकाने. एकाच बॅचमध्ये एकच बिघाड पुन्हा पुन्हा दिसला, तर तो गिऱ्हाईकाचा दोष नाही. त्या बॅचपुरती तुमची मुदत वाढवा, जसं ॲपलनं एका मॉडेलपुरतं केलं. आणि वही घेऊन पुरवठादाराकडे जा. "माल खराब येतोय" या तक्रारीला तो दाद देत नाही, तारखांची यादी समोर ठेवली की देतो.

४. पुरवठादाराशी भाव करताना पार्टचंही बोला. दहा रुपये कमी करून घेण्यापेक्षा, शंभर नगांमागं दोन-तीन नग जास्तीचे किंवा चार्जर आणि पट्टे वेगळे मिळतात का ते बघा. ॲप किती वर्षं चालू राहणार हेही विचारा. जे ठरेल ते लेखी घ्या, निदान व्हॉट्सॲपवर तरी.

५. धोका असेल तिथं तारीख बघायचीच नाही. बॅटरी फुगली, घड्याळ तापतंय, पाठीमागचं झाकण उचललं गेलंय, असं काही दिसलं तर दोन वर्षं झालेली असोत की चार, "वापरणं आणि चार्जिंग आजच बंद करा, वस्तू माझ्याकडे आणून द्या" एवढं सांगायचंच. फुगलेली बॅटरी टोचून किंवा दाबून बघू नका, कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. आणि त्याच बॅचच्या बाकी गिऱ्हाईकांना स्वतःहून फोन करा. फिटबिटला दंड कशाचा झाला ते आठवतंय ना? उशिराचा.

६. टिकणार नाही ते वचन देऊ नका. 'लाइफटाइम वॉरंटी' लिहायला सोपं आहे. पण कुणाचं लाइफटाइम? घड्याळाचं, गिऱ्हाईकाचं की दुकानाचं? पेबलसारखी कोटींची कंपनी जिथं वॉरंटी निभावू शकली नाही, तिथं आपण जपून बोलावं. दोन वर्षांचं छोटं धोरण लिहा आणि अक्षरशः पाळा.

फुकटं गिऱ्हाईक आलं तर?

हा प्रश्न येणारच. पडून फुटलेली काच, समुद्रात पोहून आलेलं घड्याळ, दुसऱ्या दुकानातून घेतलेला माल, हे सगळं तुमच्या माथी मारणारे लोक असतात. म्हणून धोरणात दोन अटी स्पष्ट लिहा. बिल किंवा नोंदणीचा मोबाईल नंबर हवा, आणि बाहेरून मार लागलेला नसावा. अट सगळ्यांना सारखी लावा. ओळखीच्या काकांना एक आणि अनोळखी ताईंना एक, असं केलं की धोरण संपलं.

आणि हो, निम्म्या खर्चाची अट याचसाठी चांगली. ज्याला वस्तूची खरंच गरज आहे तो ७५० रुपये आनंदानं देतो. फक्त फुकट मिळतंय का बघायला आलेला माणूस तिथूनच परत फिरतो.

आजचा गृहपाठ

गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडून माल घेतलेल्या दहा जणांची नावं काढा, ज्यांची वॉरंटी आता संपली आहे. त्यांना फोन करा. काही विकायचं नाही. एवढंच विचारा, "दादा, वस्तू अजून चालू आहे ना? काही त्रास?" उत्तरं वहीत लिहा. दहापैकी किती बंद पडल्यात आणि कितव्या महिन्यात, ते कळेल. वरच्या गणितात मी धरलेला सहाचा आकडा खोडा आणि तुमचा खरा आकडा घाला. मग एका नगामागं किती रुपये बाजूला टाकायचे ते तुम्हीच काढा आणि पुढच्या विक्रीपासून ते टाकायला लागा.

वस्तू बंद पडली असं सांगणाऱ्याला मात्र नुसता "अरेरे" म्हणून फोन ठेवू नका. "घेऊन या, बघतो" म्हणा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जपा, गिऱ्हाईक जपा!